मोशन ग्राफिक्समधील प्रिव्ह्यूची प्रत व संगणकाची गती : देवनागरी अक्षराच्या अंगाने एक समीक्षा

प्रस्तावना

मोशन ग्राफिक्सच्या प्रणालीवर काम करणारा विद्यार्थी दिवसभर पडद्यावर जे पाहतो, ते त्याच्या कामाचे तात्पुरते व बहुधा हलक्या प्रतीचे रूप असते. पूर्ण प्रतीचे चित्र त्याला अखेरीस, रेंडर झाल्यावरच दिसते. मधल्या काळात अक्षर कोठे ठेवावे, किती वेळ ठेवावे, कोणत्या वेगाने सरकवावे, त्याला कोणता रंग द्यावा हे सर्व निर्णय तो या तात्पुरत्या रूपाकडे पाहूनच घेतो. व्यवहारात या रूपाला प्रिव्ह्यू म्हणतात. प्रशिक्षणवर्गांत व प्रात्यक्षिकांच्या वह्यांत प्रिव्ह्यूचा विचार बहुतेक वेळा यंत्राच्या गतीपुरता होतो. संगणक अडखळू लागला की रिझोल्यूशन उतरवावे, तरीही अडखळला तर आणखी उतरवावे, एवढाच सल्ला दिला जातो. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. प्रत उतरवताना प्रत्येक वेळी पाहणाऱ्यापुढील पुराव्याचा कोणता तरी भाग काढून घेतला जातो. कोणता भाग गेला हे ठाऊक नसेल, तर त्या प्रिव्ह्यूवरून घेतलेला निर्णय आंधळा ठरतो. देवनागरीत काम करणाऱ्याच्या वाट्याला हे आंधळेपण अधिक येते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

नगर जिल्ह्याला हा प्रश्न दूरचा नाही. अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात शिकत असताना नागराज मंजुळे यांनी केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील दिग्दर्शकाच्या सर्वोत्कृष्ट पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. जिल्ह्याच्या ठिकाणी, मर्यादित साधनांत दृश्यमाध्यमाचे गंभीर शिक्षण होऊ शकते याचा याहून ठळक दाखला शोधावा लागत नाही. मात्र कॅमेऱ्यामागे उभा राहणारा विद्यार्थी समोरचे दृश्य निदान डोळ्यांनी पाहत असतो. ग्राफिक्सच्या विद्यार्थ्यापुढे असे दृश्यच नसते. त्याच्यापुढे केवळ प्रिव्ह्यू असतो.

आधी पाहण्याची सोय

ही सोय नव्हती तेव्हा काय होत होते? दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून दीर्घकाळ चित्रित केली. फिल्म धुऊन निघेपर्यंत रोप पडद्यावर सलग वाढताना दिसेल की धक्के खात, हे कळण्यास मार्ग नव्हता. १९१५च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये काडी किती सरकवायची हे त्यांनी मनात मोजूनच ठरवले असणार. लय आधी मनात पक्की करायची आणि मग हाताने ती उतरवायची, अशी ही शिस्त होती. विशेष असे की वाटाण्याचा तो छोटा चित्रपट स्वतःच एका मोठ्या चित्रपटाची पूर्वझलक ठरला. तो पाहून फाळके यांना भांडवल मिळणे सुकर झाले.

संगणकाने ही शिस्त सैल केली, आणि त्यात खंत करण्यासारखे काही नाही. आफ्टर इफेक्ट्स ही प्रणाली १९९३ साली अमेरिकेतील कोसा या छोट्या कंपनीने आणली. पुढे ती आल्डसकडे व १९९४मध्ये अडोबीकडे गेली. पुढील आवृत्त्यांत रॅम-प्रिव्ह्यूची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत प्रणाली फ्रेम एकेक करून तयार करते, स्मृतीत साठवते आणि मग खऱ्या वेगाने चालवून दाखवते. म्हणजे स्मृतीत जेवढे मावेल तेवढेच खऱ्या वेगाने पाहता येते. गती आणि प्रत यांचा सारा झगडा येथून सुरू होतो.

या झगड्याचे गणित सोपे असूनही वर्गात क्वचितच मांडले जाते. १९२० गुणिले १०८० पिक्सेलची एक फ्रेम, आठ-बिट रंगात, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरून, सुमारे ८.३ एमबी जागा घेते. सेकंदाला २५ फ्रेम या हिशेबाने दहा सेकंदांना सुमारे २ जीबी लागतात. सोळा-बिट रंगात तेच दहा सेकंद ४ जीबी व बत्तीस-बिटमध्ये ८ जीबी घेतात. प्रयोगशाळेतील ८ जीबी स्मृतीच्या यंत्रावर विंडोज व इतर प्रणालींचा वाटा वजा केला की काय उरते ते उघड आहे. २०१०च्या सीएस५ आवृत्तीपर्यंत ही प्रणाली ३२-बिट होती, त्यामुळे यंत्रात अधिक स्मृती बसवूनही एका मर्यादेपलीकडे तिचा थेट उपयोग होत नसे. पुढे २०१२च्या सीएस६मध्ये डिस्कवरील साठा टिकाऊ झाला, २०२१च्या अखेरीस अनेक फ्रेम एकाच वेळी रेंडर करण्याची नवी व्यवस्था आली, आणि २०२५मध्ये थेट डिस्कवरून प्रिव्ह्यू चालवण्याची सोय झाली. तरीही जुन्या यंत्रांवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा व्यवहार मुख्यतः हाफ, थर्ड आणि क्वार्टर या तीन शब्दांशी असतो.

हे शब्दच पहिली दिशाभूल करतात. हाफ म्हणजे निम्मी प्रत असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात रुंदी व उंची दोन्ही निम्म्या होतात, म्हणून पिक्सेल चतुर्थांश उरतात. थर्डमध्ये नवमांश आणि क्वार्टरमध्ये सोळावा हिस्सा उरतो. दहा सेकंदांच्या आठ-बिट प्रिव्ह्यूसाठी क्वार्टरवर जेमतेम १३० एमबी पुरतात. बचत एवढी मोठी असल्यामुळे मोह पडतो, आणि एकदा खाली आणलेली प्रत पुन्हा वर नेण्याची आठवण राहत नाही.

चौदा तालुक्यांचा नकाशा

समजा, विद्यार्थ्यांना एक साधा पाठ दिला : नगर जिल्ह्याच्या नकाशावर चौदा तालुक्यांची नावे एकामागून एक उमटवावीत. पावसाची आकडेवारी असो की निवडणुकीचा निकाल, वृत्तवाहिन्यांवर असे नकाशे नेहमीच दिसतात. अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, शेवगाव, पाथर्डी, नगर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड. या चौदांपैकी नगर आणि राहाता ही दोनच नावे अशी आहेत की ज्यांत शिरोरेषेच्या वर काहीच नाही. उरलेल्या बारा नावांत मात्रा, वेलांटी, अनुस्वार किंवा रफार यांपैकी काही ना काही शिरोरेषेच्या वर बसलेले आहे, आणि नावाचा उच्चार त्यावर अवलंबून आहे.

नकाशावरील नावे लहान असतात. समजा पूर्ण रिझोल्यूशनवर अनुस्वाराचा ठिपका सहा पिक्सेल रुंद आहे. हाफवर तो तीन पिक्सेल होतो, क्वार्टरवर दीड. दीड पिक्सेलचा ठिपका म्हणजे शिरोरेषेवरचा फिकट डाग. संगमनेरचे सगमनेर होते, श्रीगोंदाचे श्रीगोदा होते. कर्जतचा रफार गेला तर उरते कजत, पारनेरची मात्रा गेली तर पारनर. इंग्रजी अक्षरांतही आय व जे यांवर ठिपके असतात, परंतु ते पुसट झाले तरी शब्द वाचता येतो. देवनागरीत शिरोरेषेवरचा ठिपका स्वतंत्र अर्थ वाहतो. तो हरवला तर शब्द पुसट होण्यावर थांबत नाही, शब्द बदलतो.

येथे एक विचित्र गोष्ट घडते. विद्यार्थ्याला नावे पाठ असल्यामुळे क्वार्टरच्या प्रिव्ह्यूतही तो संगमनेरच वाचतो. न दिसणारा अनुस्वार त्याच्या डोळ्यामागे असतो. त्यामुळे पूर्ण रेंडरमध्ये ठिपका शेजारच्या सीमारेषेत मिसळला आहे, किंवा रफार वरच्या तालुक्याच्या रंगात बुडाला आहे, हे त्याच्या लक्षातच येत नाही. हलक्या प्रतीने चूक दाखवली नाही आणि ओळखीने ती झाकली. हे नाव पहिल्यांदा वाचणाऱ्या परजिल्ह्यातील प्रेक्षकाला मात्र अशा ओळखीचा आधार नसतो.

यावर उपाय अवघड नाही. अक्षरांची परीक्षा चालत्या प्रिव्ह्यूत करूच नये. प्रत्येक नाव जेथे स्थिरावते तेथील एकेक फ्रेम पूर्ण रिझोल्यूशनवर, शंभर टक्के आकारात पाहावी. स्थिर फ्रेमला गतीची गरज नसते, म्हणून सामान्य यंत्रावरही ती थोड्या वेळात तयार होते. ऑटो हा पर्याय पडद्यावरील आकाराशी रिझोल्यूशन जुळवून घेतो. चित्र पन्नास टक्के आकारात पाहत असताना प्रणाली अर्ध्या रिझोल्यूशनवर जाते आणि तेवढ्या आकारात काही हरवल्यासारखे वाटत नाही. परंतु पन्नास टक्क्यांत पाहिलेला अनुस्वार म्हणजे शंभर टक्क्यांत तपासलेला अनुस्वार असे समजणे धोक्याचे आहे.

काळाची काटछाट

प्रत कमी करण्याचा दुसरा मार्ग काळातून जातो. प्रिव्ह्यूमध्ये एकाआड एक फ्रेम वगळण्याची सोय असते, आणि एक फ्रेम वगळली की काम निम्म्यावर येते. रिझोल्यूशन उतरवण्यापेक्षा हा मार्ग निरुपद्रवी वाटतो, कारण चित्र स्वच्छ राहते. प्रत्यक्षात त्याची हानी अधिक आहे. अक्षर झपाट्याने येऊन हळूहळू थांबते तेव्हा त्याचे सौंदर्य थांबण्याच्या वळणात असते, आणि ते वळण चार-पाच फ्रेमांत पूर्ण होते. त्यांतील दोन वगळल्या की वळण तुटते. ते तुटलेले पाहून विद्यार्थी चालीची लांबी वाढवतो. पूर्ण रेंडरमध्ये तीच चाल मग आळसावलेली दिसते. एकाआड एक मात्रा गाळून ठेक्याची लय कोणी ठरवीत नाही. येथे मात्र ते सर्रास चालते.

म्हणून लय ठरवताना फ्रेम सर्व ठेवाव्यात आणि रिझोल्यूशन उतरवावे, तर अक्षर तपासताना रिझोल्यूशन पूर्ण ठेवून गती सोडून द्यावी. गती आणि अक्षर या दोन परीक्षा वेगळ्या आहेत. एकाच प्रिव्ह्यूत दोन्ही उरकण्याचा आग्रह धरला की दोन्ही अर्धवट होतात. रंगासाठी ड्राफ्ट प्रतीचा विचारही करू नये. काही इफेक्ट पिक्सेलच्या हिशेबाने चालतात. विशेषतः दाणेदार पोत हाफवर वेगळा दिसतो आणि फुलवर वेगळा. एकच लेयर सोलो करून पाहिला तर पार्श्वभूमीशी त्याचे नाते दिसत नाही, हे सांगण्याचीही गरज नाही.

शिरोरेषेचे थरथरणे

जुन्या दूरदर्शन-काळातील एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे, कारण आता ती विस्मरणात चालली आहे. पाल पद्धतीत दृश्यमान ५७६ ओळी दोन हप्त्यांत, आधी विषम व मग सम अशा, सेकंदाला ५० वेळा रेखाटल्या जात. एकाच ओळीइतकी बारीक आडवी रेषा त्यामुळे एका हप्त्यात दिसे व दुसऱ्यात नाहीशी होई, म्हणजे ती थरथरे. रोमन लिपीतील शब्दांत बारीक आडव्या रेषा तुटक असतात. देवनागरीत प्रत्येक शब्दाच्या माथ्यावर सलग आडवी रेषा असते. बारीक वळणाचा देवनागरी टंक पालच्या पडद्यावर जितका थरथरे, तितका त्याच आकाराचा रोमन टंक थरथरत नसे. संगणकाच्या मॉनिटरवर चित्र एकसंध उमटत असल्यामुळे हा दोष प्रिव्ह्यूत दिसतच नसे. संपादनकक्षात स्वतंत्र टीव्ही संच ठेवण्याची प्रथा होती, ती याच कारणाने. आज प्रक्षेपणाची पद्धत बदलली आहे. परंतु बारीक शिरोरेषा संथपणे वर-खाली सरकवली तर तिचे कंगोरे आजही लुकलुकतात, आणि हाफच्या प्रिव्ह्यूत ते लुकलुकणे रेंडरपेक्षा वेगळे असते. कधी जास्त, कधी कमी. त्याचा अंदाज बांधता येत नाही, हीच अडचण.

नाव बदलले तेव्हा

२०२४मध्ये जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. राजकीय व सांस्कृतिक बाजू येथे बाजूला ठेवून केवळ अक्षरांकडे पाहिले तरी ही दोन नावे तंत्राच्या दृष्टीने किती भिन्न आहेत हे कळते. अहमदनगर या नावात एकही काना, मात्रा, वेलांटी वा जोडाक्षर नाही. सात सुटी अक्षरे शेजारी मांडली की नाव तयार. देवनागरीची अक्षरजुळणी न समजणाऱ्या प्रणालीतही ते बिनचूक उमटते. अहिल्यानगरचे तसे नाही. युनिकोडमध्ये हि हे अक्षर आधी ह आणि मग इकार असे साठवले जाते, तर डोळ्यांना वेलांटी आधी दिसायला हवी. ल्या हे ल, हलन्त, य व काना मिळून बनते. जुळणी न करणाऱ्या प्रणालीत वेलांटी ह च्या मागे पडते आणि ल चा पाय मोडून शेजारी य सुटा उभा राहतो.

आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्त्यांत ही जुळणी नव्हती. म्हणून तर मराठी ग्राफिक्सकार दीर्घकाळ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या टंकांवर विसंबून राहिले. त्या टंकांत अक्षरखंड डोळ्यांना दिसतात त्याच क्रमाने टंकले जात, त्यामुळे प्रणालीला काहीच समजावे लागत नसे. त्यांना मागासलेले म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. पुढे प्रणालीत दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळे टेक्स्ट इंजिन निवडण्याची सोय आली. ती निवडली नसेल तर मात्र जुनाच गोंधळ होतो.

जुळणी योग्य असली तरी चलनात अडचण राहतेच. टंकलेखन-यंत्राप्रमाणे अक्षरे एकेक उघडण्याचा परिणाम विद्यार्थ्यांच्या फार आवडीचा. अक्षरे संकेतक्रमाने उघडत असतील तर आधी अ, मग अह, मग ह एकदम उजवीकडे सरकतो व त्याच्या अलीकडे वेलांटी येते. पुढे ल, मग पाय मोडलेला ल, मग ल्य, मग ल्या. प्रत्येक पायरीला एकच फ्रेम दिली असेल तर ह ची उडी एका फ्रेमची असते. एकाआड एक फ्रेम वगळणाऱ्या प्रिव्ह्यूत नेमकी तीच फ्रेम गळण्याची शक्यता निम्मी आहे. विद्यार्थी समाधानाने रेंडर देतो, आणि जिल्ह्याचे नाव पडद्यावर अडखळत उमटते. ज्या लोकमातेचे नाव जिल्ह्याला दिले आहे, त्यांचा जन्म याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. तेव्हा हे अडखळणे स्थानिक प्रेक्षकाला खटकल्यावाचून राहणार नाही.

प्रेक्षकाचा क्वार्टर

येथपर्यंतच्या विवेचनावरून फुल म्हणजे सत्य आणि क्वार्टर म्हणजे आभास असा समज होऊ शकेल. वस्तुस्थिती तेवढी सरळ नाही. १०८० ओळींच्या चित्राचा क्वार्टर म्हणजे २७० ओळी. अकोल्याच्या डोंगराळ भागात, जेथे मोबाइलचे जाळे क्षीण असते, तेथे हातातील फोनवर तीच चित्रफीत २४० ओळींवर उघडू शकते. म्हणजे निर्मात्याने सोयीसाठी स्वीकारलेली हलकी प्रत ही अनेक प्रेक्षकांसाठी अंतिम प्रत असते. संक्षेपणाने होणारी झीज आणि प्रिव्ह्यूतील झीज एकसारखी नसते. संक्षेपण हलत्या भागांत चौकोनी ठिगळे पाडते, प्रिव्ह्यू तसे करत नाही. तरी क्वार्टरवर श्रीगोंदा वाचता येत नसेल तर फोनवर ते वाचता येईल असे मानण्यास आधार नाही.

म्हणून क्वार्टरचा प्रिव्ह्यू दोन भिन्न हेतूंनी पाहता येतो. एकदा यंत्राची लाचारी म्हणून, आणि एकदा प्रेक्षकाची अवस्था म्हणून. दुसऱ्या हेतूने पाहणारा विद्यार्थी टंकाचा आकार वाढवील, जाड वळण निवडील, अनुस्वाराभोवती मोकळी जागा ठेवील. पहिल्या हेतूने पाहणारा केवळ वाट पाहत राहील. पडदा तोच, पाहण्याची रीत निराळी. प्रशिक्षणात हा भेद शिकवला जात नाही, याचे कारण प्रिव्ह्यूचा धडा यंत्राच्या प्रकरणात टाकलेला असतो, लिपीच्या वा प्रेक्षकाच्या प्रकरणात नव्हे.

प्रणालीच्या रचनेवरही येथे आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. प्रिव्ह्यू खऱ्या वेगाने चालत नसेल तर आफ्टर इफेक्ट्स माहितीच्या चौकटीत तसा स्पष्ट इशारा देते. चित्र मात्र सोळाव्या हिश्शावर आले तरी इशारा नाही. खाली कोपऱ्यात क्वार्टर एवढा शब्द मुकाट्याने बसलेला असतो. वेगातील उणीव ही चूक आणि प्रतीतील उणीव ही सोय, असा निवाडा प्रणालीने परस्पर देऊन टाकला आहे. ॲडॅप्टिव्ह रिझोल्यूशनमध्ये तर वस्तू हलवताना प्रत आपोआप उतरते आणि हात थांबताच पूर्ववत होते. हलत असतानाचे मत डोळ्याने त्या उतरलेल्या प्रतीवरून बनवलेले असते, याची नोंद कोठेही राहत नाही.

महाविद्यालयीन मूल्यमापनात याचा परिणाम थेट दिसू शकतो. प्रात्यक्षिक परीक्षेत वेळ थोडा आणि यंत्रे मोजकी असली की परीक्षक विद्यार्थ्याच्या पडद्यावर प्रिव्ह्यूच पाहतो व गुण देतो. ज्याचे यंत्र वेगवान, त्याचा प्रिव्ह्यू सुरळीत. ज्याच्या वाट्याला जुने यंत्र आले, त्याचे काम धक्के खात चालते. गुण कोणाला, विद्यार्थ्याला की यंत्राला, हा प्रश्न अशा वेळी विचारलाच पाहिजे. उलटही घडते. सुरळीत प्रिव्ह्यूत दडलेला गळका रफार परीक्षकाच्याही नजरेतून सुटतो, कारण तालुक्यांची नावे त्यालाही पाठ असतात. रेंडर झालेली फाइल, तिच्यातील अक्षरांच्या मोजक्या स्थिर फ्रेम आणि साध्या फोनवर उघडलेली तीच चित्रफीत, एवढे तीन पुरावे मागितले तर परीक्षेचा वेळ फारसा वाढणार नाही. रेंडर आदल्या दिवशी जमा करून घेता येतो. नावे वाचण्याचे काम मात्र जिल्ह्याबाहेरून आलेल्या परीक्षकाकडे द्यावे. तो कजत दिसले तर कजत असेच वाचील.